डुप्लिकेटची बायको

आमचे हे सिनेमात पडायचे. मारामारीच्या पिक्चरमध्ये हिरो गच्चीवरून उडी मारतो ना, तो हिरो नव्हेच, ते आमचे हे. डुप्लिकेट म्हणतात. तोंड हिरोचं, ढोपरं ह्यांची. आणि त्या ढोपरांना हळद-तेल लावायला मी, शेवंती.

लालबागच्या आमच्या चाळीला त्या राजबिंड्या हिरोचं काही नव्हतं. दहा जणांना लोळवून ज्याचा भांगसुद्धा विस्कटत नाही, त्याचं काय कौतुक, म्हणायचे. त्यांना मार खाणारा आवडायचा. पडतो, कळवळतो, भिंत धरून उठतो, तो आपल्यातला. पडद्यावर हे पडले की पुढच्या बाकांवरून आमच्या चाळीच्या शिट्ट्या. घरी हाच माणूस झुरळ दिसलं की खाटेवर चढायचा, ते मलाच ठाऊक.

छप्पनचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. भर दुपारी करफ्यू, नाक्यावर बंदूकवाले पोलीस. शेजारचा लवू गिरणीतनं घरी येत होता. चाळीच्या दारापासून वीस पावलांवर त्याच्या मांडीत गोळी बसली. रस्त्यात पडून तो पाणी मागत होता, रक्त गटारापर्यंत गेलेलं. त्याची बायको मालन पोटुशी, तिला चौघींनी धरून ठेवलं होतं. दाराबाहेर कोणी डोकं काढलं की बार व्हायचा.

गॅलरी भरलेली, पण जिन्याकडे कोणी बघेना. मग कोपऱ्याच्या खोलीतला माधव म्हणाला, "जयवंताला जाऊ दे. त्याचा रोजचा धंदा."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "तिथे खाली गाद्या घालतात रे. इथे कोण घालणार, तुझा बाप?"

मागे वळले तर हे जिन्यावर उभे. तोंड पांढरंफटक, सदऱ्याचं बटण चाचपत होते. "जातो गं," म्हणाले. नको म्हणायला तोंड उघडलं, पण मालन माझ्याकडे बघत होती. त्या क्षणाला मला तिचा राग आला, आजही कबूल करते.

हे वाकून धावले. पंधराएक पावलं गेले असतील. नाक्यावरून बार झाला आणि हे पडले.

आणि गॅलरीतून शिट्टी आली. एक, मग चार-पाच. "उठेल आता. पोलिसांना चकवतोय," माधव म्हणाला. सगळ्यांना वाटलं, काम चाललंय. पण ह्यांचं पडणं मला पाठ होतं. कामाचं पडणं असलं की आधी दोन्ही तळवे जमिनीवर आपटायचे. आज हात अंगाखालीच राहिले.

लग्नाला अकरा वर्षं झाली, उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. कठड्यावर ओणवी झाले आणि ओरडले, "जयवंत!"

शिट्ट्या तिथेच थांबल्या. बाईने नवऱ्याला नावाने हाक मारली, म्हणजे हे नाटक नव्हे, एवढं चाळीला कळतं.

जिना कधी उतरले, आठवत नाही. पदर खोचून रस्त्यात गेले, ह्यांना उलटं केलं, रक्त शोधलं. कुठेच नव्हतं.

"लागली नाही गं." ह्यांचे दात वाजत होते. "भीतीने पायच गेले. उठताच येईना."

वाटलं, एक थोबाडीत द्यावी. आणि गळ्यात पडून रडावं असंही वाटलं. पलीकडे लवूचे डोळे मिटत चालले होते. नाक्यावर बंदूक परत वर झाली.

"मला भीती वाटतेय, शेवंते."

"वाटू दे. मलाही वाटतेय," म्हटलं. "पाय नाहीत तर रांगा. एक हात तुम्ही धरा, एक मी."

हे रांगत आले. लवूला आम्ही पोत्यासारखं ओढलं. मध्येच बार झाला, भिंतीचा टवका उडाला. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, तोंडाने आईचं नाव चाललेलं, पण ओढायचे थांबले नाहीत.

दाराशी पोचलो तशी माधवने आणि बाकीच्यांनी तिघांनाही आत खेचलं. लवू वाचला. पण त्याचा हात ह्यांच्या मुठीतून सोडवायला दोन माणसं लागली.