एकशे अडतीस टक्के राख

"चारुशीलाबाई, ह्या कोळशात राख एकशे अडतीस टक्के? म्हणजे कोळसा जळून राहिला का वाढून राहिला?"

कोळसा तपासणी प्रयोगशाळेचे प्रमुख मनोहरराव असे मोठ्यानेच विचारत. चारुशीला रामटेके त्यांची एकमेव प्रोग्रामर.

"एकटा प्रोग्राम चालवला तर अडतीस येते, सर. दोन सोबत चालले की बिघडते."

"मशीन चुकत नसते. शुक्रवारपर्यंत पाहा. नाही तं जावक विभागात टपाल सांभाळा. तिथं दशांश नाहीत."

दोन दिवस तिने संगणकाचा कारभार पाहणारा कर्नेल ओळ न् ओळ वाचला. कर्नेल दोन्ही कामांना आळीपाळीने क्षणभर यंत्र देई. एकाला उठवताना त्याच्या रजिस्टरांतले, म्हणजे यंत्राच्या हाताशी असलेल्या कप्प्यांतले, आकडे टिपून ठेवी. दशांशांची रजिस्टरे मात्र संगणक बनवणाऱ्या कंपनीने मागाहून बसवली होती आणि कर्नेलला कोणी कळवले नव्हते. कचेरीत हे नवीन नाही. उठलेल्याचे दशांश बसलेल्याच्या उत्तरात शिरत.

तिने प्रत्येक पाळीला दशांशही टिपायला लावले. राख अडतीसवर आली, पण यंत्र रांगू लागले.

"उत्तर येईस्तोवर कोळसा संपते," मनोहरराव म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी तिने वडिलांना सगळे सांगितले. बळीराम लकडगंजच्या आरागिरणीत मिस्त्री. एका आरीवर दोघांची पाळी. फळीची जाडी ठरवणारी पट्टी एकच.

"तुम्ही पाळी सोडताना पट्टीचा आकडा भिंतीवर लिहिता ना, बाबा?"

"मी काहून लिहू वं? पुढच्याले पट्टी हलवाचीच नसंल तं? ज्याले हलवाची हाये, त्यानं आधी माया आकडा लिहावा, मंग आपली लावावी."

चारुशीला भाकरी हातात धरून बसून राहिली.

"जेव ना वं!"

शुक्रवारी सकाळी तिने कर्नेल बदलला : दशांशांना जो हात लावील, त्याच्याच पाळीत आधीच्याचे दशांश टिपायचे; एरवी नाही. दुपारी दोन्ही प्रोग्राम सोबत, झरझर चालले. राख अडतीस. मनोहररावांनी सही केली आणि जावक विभागाचे नावही काढले नाही.

महिन्याने कंपनीचा इंजिनियर मुंबईहून आला. कर्नेलमध्ये तिने लिहिलेली टीप वाचून थांबला : 'पद्धत – बळीराम.'

"हे कोणत्या कॉलेजचे?"

"लकडगंजचे," चारुशीला म्हणाली. त्याने ते वहीत लिहून घेतले.

त्याच आठवड्यात आरागिरणीच्या भिंतीला चुना फासला. खडूचे सगळे आकडे गेले. बळीराम सकाळी खिशात नवा खडू टाकून निघाला.