कुटुंबप्रमुखाची सही

दुपारची भांडी आवरून शिवणवाली मशीनवर बसली, पण धागा ओवण्याआधी तिने नळाचं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरलं. तळाशी काळी कणी. गल्लीच्या तोंडाशी गटारातून जाणारा नळाच्या पाण्याचा पाइप चार महिन्यांपूर्वी फुटला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नगरपालिकेला. आत खाटेवर तिची सात वर्षांची चिमणी पडली होती. कावीळ. डोळे पिवळेजर्द.

"आई, पाणी."

"उकळतेय गं बाळा. जरा कळ काढ."

तेवढ्यात शेजारची इस्त्रीवाली मावशी पाइप बदलून मागणारा गल्लीचा अर्ज नाचवत आत आली. "झाल्या बघ सह्या! त्र्याऐंशी घरं. आता कुठे पळतील?"

अर्जाचा छापील नमुना पालिकेचाच होता. सहीच्या रकान्यावर ठसठशीत शब्द: 'कुटुंबप्रमुख'. पुरुष कामावर गेलेले, आणि घरी असलेलेही 'नसती भानगड कशाला' म्हणणारे. मग बायकांनी तेच केलं जे त्या जन्मभर करत आल्या होत्या. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पावतीवर नवऱ्याची सही बायकोच ठोकते. अर्जावरही त्यांनी नवऱ्यांच्याच सह्या केल्या. स्वतःचं नाव लिहावं, हे एकीलाही सुचलं नाही. मला याचा संताप येतो, पण त्या बायकांचा नव्हे. त्यांना ते सुचू नये याची ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काळजी घेतली, त्यांचा येतो.

अर्ज गेला. पाइप बघायला कोणी फिरकलं नाही. सह्या मात्र बारकाईने तपासल्या गेल्या आणि तीन आठवड्यांनंतरची सुनावणी लागली. चिमणी त्याआधीच गेली.

सुनावणीला पालिकेचं सभागृह भरलं. अध्यक्षांच्या टेबलावर बाटलीबंद पाणी होतं. एकेका नवऱ्याला उभं करून ते विचारत होते, "ही सही तुमची?"

"नाही, साहेब."

कुणाचा गाळा पालिकेचा, कुणाचा भाऊ पालिकेत चिकटलेला. शिवणवालीचा नवरा तर पालिकेच्याच गाडीवर ड्रायव्हर. त्याची पाळी आली. त्याने बायकोकडे बघितलं नाही.

"नाही, साहेब," तो म्हणाला. मेलेल्या पोरीच्या बापाने हे सांगितलं, आणि सभागृहात कुणाला काही वाटलं नाही.

"बोगस अर्ज. निकाली काढा," अध्यक्ष म्हणाले. "खरं तर गुन्हाच दाखल व्हायला हवा. पण बायामाणसं आहेत, समज देऊन सोडतो."

शिवणवाली उठली. "समज तुमच्यापाशीच ठेवा. ती सही मी केली."

"बाई, खाली बसा. कुटुंबप्रमुखाचीच सही चालते."

"मग मला सांगा, पहाटे नळावर कोण उभं राहतं? पाणी गाळतं कोण, उकळतं कोण? पोर आजारी पडायच्या आधी तिच्या तोंडाला पेला कोणी लावला? मी लावला, साहेब! तुमचं घाणेरडं पाणी मी या हातांनी पाजलं तिला. आणि सही करायची वेळ आली की मी कोणीच नाही?"

तिने कारकुनाच्या टेबलावरचा कोरा नमुना ओढला आणि रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मावशी तिच्या मागे उभी राहिली, तिच्यामागे आणखी बायका.

"अहो, बायकांच्या सह्या नियमात बसत नाहीत," कारकून पुटपुटला.

"कुठला नियम? मोठ्याने वाचा."

त्याने नियमांचं पुस्तक चाळलं. पुन्हा चाळलं. कुटुंबप्रमुख पुरुषच हवा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नसूनही ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि शेवटी अर्ज दाखल करून घ्यायला सांगितलं.

तेव्हा तिचा नवरा पुढे आला. डोळे भरलेले. "आण, मी करतो सही."

तिने कागद त्याच्यासमोरून बाजूला घेतला. "राहू द्या. आपल्या घरची झाली."

चौथ्या दिवशी माणसं आली आणि जेवणाच्या सुट्टीआधी पाइप बदलून गेली. एवढंच काम होतं.