सरांवर वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची, जराशी चेपलेली आणि स्वभावाने उतावळी. गप्प बसणे मला मुळीच जमत नाही.

हवालदार मुजफ्फर यांच्या गळ्यात मी लष्करात कितीतरी वर्षे काढली. नगरजवळच्या माळावर गोळीबाराचा सराव चाले. मी वाजले की प्रत्येकाचे बोट ट्रिगरवरून निघालेच पाहिजे, मग तो नवा जवान असो की मोठा साहेब. काय रुबाब होता माझा!

निवृत्तीनंतर मुजफ्फर सर संगणकसुरक्षा शिकले आणि नागापूरच्या एका कारखान्यात त्या कामाचे प्रमुख झाले. मला त्यांनी तिथल्या कामाच्या खोलीत खिळ्याला टांगले. काही संशयास्पद दिसले की कोणीही वाजवायची, असे सगळ्यांना बजावले. हाताखालची पोरे हसली. वर्ष गेले तरी मला कोणी हात लावला नाही. चूक दाखवणाऱ्यालाच बोलणी बसतात, हे नोकरदारांना शिकवावे लागत नाही. मी मात्र खिळ्यावर तळमळत होते. धूळ बसली ती वेगळीच.

मग एका दुपारी राजनंदिनीच्या पडद्यावर लाल इशारा उमटला. बेलापूरची ही मुलगी तिथे सर्वांत नवी. कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून घातक प्रोग्राम शिरला होता आणि एकेक फाईल कुलूपबंद करत सुटला होता. पाहते तर कॉम्प्युटर मुजफ्फर सरांचा! जुन्या पलटणीच्या स्नेहमेळाव्याचे निमंत्रण म्हणून आलेली खोटी मेल त्यांनी हरखून उघडली होती.

राजनंदिनीने माझ्याकडे हात नेला आणि मागे घेतला. ज्यांनी नोकरीला लावले त्यांच्यावरच शिट्टी फुंकायची? आणि न फुंकावी तर अख्खा कारखाना बंद पडणार. मला तर वाटले, आपणच उडी मारावी. शेवटी तिने मला फुंकले. आवाज घोगरा निघाला, पण निघाला.

"सर, तुमचा कॉम्प्युटर हाय," ती म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. कीबोर्डवरचे हात त्यांनी वर घेतले आणि एवढेच म्हणाले, "तू सांग, आमी करतो."

तिने सांगितले तशी सरांनी आपल्या कॉम्प्युटरची वायर ओढली, तिच्या शेजारी बसणारा सुनील सर्व्हरकडे धावला, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या फरहीनने प्रत्येक विभागाला फोन लावला. सरांचा कॉम्प्युटर गेला, कारखाना वाचला. संध्याकाळी मालकांनी चूक कोणाची असे विचारले, तेव्हा सर सर्वांसमोर "माझी" म्हणाले.

मग सुनील उठला.

"सर, गेल्या महिन्यात मीबी अशीच मेल उघडली हुती. भेवानं बोललो न्हाई."

सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून ते त्याच्या शेजारी बसले आणि दोघे त्याचा कॉम्प्युटर तपासू लागले.

मित्रांनो, मला नुसती पुसून ठेवू नका, वाजवा. आणि कधी कोणी तुमच्यावरच वाजवली, तर त्याच्यावर डोळे वटारू नका. राजनंदिनीच्या ओठांशी मी होते. ते किती थरथरत होते, हे फक्त मला ठाऊक आहे.