भिंतीवर झिजवलेली चकती

माझा धाकटा भाऊ लेथवर काम करतो आणि रविवारी डिस्क गोल्फ खेळतो. प्लॅस्टिकची चकती फेकून लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. सामन्याआधी चकत्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. नवी चकती हट्टी असते, जाता जाता डावीकडे वळते. वर्षभर वापरली की सरळ जाते. खेळून झिजली तर चालेल, मुद्दाम झिजवली तर बाद, असा आमचा नियम.

"भिंतीवर फेकली तर, ताई? तेही फेकणंच की."

"भिंतीला टोपली टांगलीय का?" मी म्हटलं.

तो हसला, पण हो काही म्हणाला नाही.

सामना पंधरा दिवसांवर आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर चकती आपटायला लागला. पलीकडे एक गोदाम, कित्येक वर्षं कुलूपबंद. चौथ्या दिवशी त्याची चकती भिंतीवर आदळली आणि लगेच पलीकडूनही तसाच धप्प आवाज आला. त्याला वाटलं, घुमतंय. तो थांबला. पलीकडचा आवाज थांबला नाही.

त्यानंतर त्याने चकतीला हात लावला नाही, लॉकरमध्ये ठेवून दिली. तरी रोज ती आणखी थोडी झिजलेली दिसायची. हे त्याने मला फार उशिरा सांगितलं.

सामन्याच्या सकाळी ती माझ्या हातात आली. भिंतीवर आपटलेली चकती कडेला खरवडलेली असते. हिच्यावर ओरखडा नव्हता. कड धरून धरून गुळगुळीत झाली होती, आणि बोटांच्या खुणा भावाच्या बोटांपेक्षा बऱ्याच लांब होत्या.

"कुणाची रे ही?"

"माझीच," तो माझी नजर चुकवत म्हणाला.

बाद करायला कारण सापडेना, आणि भाऊ पडला माझा. मी शिक्का मारला.

पहिलीच फेक थेट साखळ्यांत. टाळ्या पडल्या. तो मात्र हात तसाच पुढे धरून उभा.

"ताई, मी अजून सोडलीच नव्हती. हातातून ओढून घेतली कुणीतरी."

त्याने तिथल्या तिथे नाव मागे घेतलं. भिंतीचा प्रकारही तेव्हाच कबूल केला. मी सामन्याच्या समितीला सगळं सांगून शिक्का परत दिला.

दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून किल्ली घेऊन आम्ही गोदाम उघडलं. धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पण वर्कशॉपकडच्या भिंतीत छातीएवढ्या उंचीवर बशीसारखा खळगा पडला होता, आतली वीट साबणासारखी मऊ झालेली. भावाने चकती त्याखाली ठेवली.

"घ्या, तुमची तुम्हाला," तो अदबीने म्हणाला. आम्ही कुलूप लावलं.

आता तो नव्या चकतीने खेळतो. ती डावीकडे जाते आणि तो हमखास शेवटून तिसरा येतो. मागच्या आठवड्यात वर्कशॉपच्या बाजूने त्याच भिंतीच्या गिलाव्याला गोल तडा गेला. मालक म्हणतो, ओल आली असेल.