न सांडलेले फॉस्फेट

मी एक जुनी किडनी आहे, डावीकडची. माझी जुळी बहीण उजवीकडे असते. मित्रांनो, आमची मालकीण तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच आम्ही दोघी कामाला लागलो.

रक्त गाळायचे, नको ते लघवीत सोडायचे आणि हवे ते परत रक्तात घ्यायचे, हे आमचे काम. त्यात फॉस्फेटचे काम जरा नाजूक. हाडांना बळकटी आणि स्नायूंना जोर यायला ते लागते. जेवणातून भरपूर आले तर जास्तीचे आम्ही सोडून देतो. कमी आले तर हात आखडता घेतो.

मालकीण घरे रंगवायची. शिडीवर चढून छताचे कोपरे ती अशा सफाईने रंगवी की गिऱ्हाइके मान वर करून बघत राहत. तिचा थोरला भाऊ खाली भिंती घासायचा. आमचे कौतुक कधी कोणी केले नाही. दुखत नाही त्या अवयवाची आठवण कोण काढतो?

पुढे तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. औषधाच्या दुकानातून तिने ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या. बरे वाटले, म्हणून पाकीट खिशात कायमचेच राहिले. ब्रश धुताना एक, चहानंतर एक, जेवणानंतर दोन. पेपरमिंट चघळावे तशी ती गोळ्या चघळायची. त्यांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम होते. ही खनिजे फॉस्फेटला आतड्यातच धरून ठेवतात. ते रक्तापर्यंत पोहोचतच नाही, शौचावाटे निघून जाते.

आमच्याकडे येणारे फॉस्फेट आटत गेले. आम्ही आलेला कण न् कण परत रक्तात पाठवला. पण जे वाटेतच अडत होते, ते आम्ही कुठून आणणार?

तिच्या मांड्यांतला जोर गेला. बरगड्या ठणकू लागल्या. एकदा ती शिडीच्या मध्यावरच अडकली, वर जाईना की खाली येईना. भावाने कमरेला धरून तिला उतरवले.

"चिमे, झालंय काय तुला?"

"पाय माझे राहिलेच नाहीत रे दादा."

"उद्यापासून तू खालच्या चौकटी रंगव. शिडी माझ्याकडे."

"मग घरीच बसव की मला!" ती म्हणाली आणि तिथेच रंगाच्या डब्याशेजारी बसून रडली.

रक्ताच्या तपासणीत फॉस्फेट फारच कमी निघाले. भावाने लगेच आमच्याकडे बोट दाखवले.

"किडन्याच गळत असणार, डॉक्टर. आमच्या आत्याच्याही अशाच गेल्या."

"गळत असतील तर लघवीत दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लघवीत फॉस्फेट जवळजवळ नव्हतेच.

"किडन्यांचं काम चोख आहे," त्या म्हणाल्या. "इथून काही वाया जात नाहीये. म्हणजे ते आतच येत नाहीये. औषधं कुठली घेता?"

"औषध? छे, काहीच नाही हो," असे म्हणता म्हणता मालकिणीने सवयीने खिशातली गोळी तोंडात टाकली.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. "हे काय?"

"हे होय? ह्या तर नुसत्या जळजळीच्या!"

भावाने कपाळाला हात लावला.

त्या गोळ्या थांबल्या. जळजळीवर दुसरे औषध मिळाले, जेवणात दूध आणि अंडी वाढली. फॉस्फेट पुन्हा येऊ लागले. सुरुवातीला आम्ही जुन्या धास्तीने ते घट्ट धरून ठेवले. पुरेसे झाल्यावर जास्तीचे सोडू लागलो. हाडे मात्र सावकाश भरली. कितीतरी महिने तिने खालच्या चौकटीच रंगवल्या, कुरकुर करत. मग एका सकाळी भावाने शिडी तिच्यासमोर आणून उभी केली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मित्रांनो, आम्ही असलेले राखू शकतो, नसलेले आणू शकत नाही. म्हणून रोज तोंडात जाणारी साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना सांगा. त्यांच्यासमोर आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.