तुहामी सीदींचा रोजा

सेफ्रू गावात मशिदीलगतच्या खोलीत सी तुहामी मुलांना कुराण शिकवत. मुलं त्यांना आदराने 'सीदी' म्हणत. मुलांच्या मांडीवर लाकडी पाट्या आणि हातात बोरू. नवख्या मुलाच्या पाटीवर सीदी आधी बोरूच्या बोथट टोकाने अक्षराचा ओरखडा काढून देत, मग मूल त्यावरून शाई फिरवी. त्यांचा हात बारीकसा थरथरे, पण मुलांना त्याची सवय होती.

ती थरथर गोळीची होती. तरुणपणी एकदा सीदींची झोप पार उडाली. रात्रंदिवस जागून त्यांनी घरातल्या सतरंज्या नि भांडी बाजारात फुकट वाटली आणि शेवटी बायकोच्या बांगड्यांना हात घातला. तेव्हापासून मनाच्या आजारावरची लिथियमची गोळी चालू होती. तहान फार लागे, पोटही सुटलं होतं. पण डोकं ठिकाणावर होतं. रमजानात डॉक्टरांनी रोजाची मनाई केलेली. दुपारी स्वयंपाकघराचा पडदा ओढून ते जेवत. बायको रकिया सोडली तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदाचा रमजान ऐन उन्हाळ्यात आला. पहिल्याच दिवशी सात वर्षांच्या हनानने विचारलं, "सीदी, मी या वर्षी पहिला रोजा धरणार आहे. आई मला नवरीसारखं नटवून उंच आसनावर बसवणार, दूध-खजूर देणार. तुमचा आहे ना रोजा?"

सगळ्या पाट्या थांबल्या.

"आहे तर," सीदी म्हणाले.

घरी रकियाने जेवण वाढलं, तर त्यांनी ताट सरकवलं.

"हे काय नवीन?"

"पोरीला शब्द दिलाय. खोटं कसं बोलू?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"गोळी घेतोच आहे. सूर्य मावळल्यावर घेईन. गोळीला काय कळतंय, दिवस आहे की रात्र?"

"गोळीला नसेल कळत. तुम्हाला तरी कळावं."

सीदी हसले आणि उन्हात नमाजाला निघून गेले.

चार-पाच दिवसांत ओरखडे वाकडे होऊ लागले. हनानने पाटी वर धरली. "सीदी, हे लाम अक्षर आहे की साप?" पोरं खिदळली. सीदीही हसले. पुढे जुलाब लागले. कुराणाची आयत म्हणताना जीभ जड होऊ लागली, आणि एका दुपारी मशिदीच्या पायरीवरून उतरताना त्यांचा तोल गेला. रकियाने टॅक्सी बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं.

रक्त तपासल्यावर डॉक्टर लुब्नांनी सलाईन लावलं. त्या वयाने सीदींच्या मुलीएवढ्या होत्या, पण बोलल्या आईसारख्या. "गोळी तेवढीच घेतलीत, पण पाणी सोडलंत. अंगातलं पाणी आटलं की हे औषध बाहेर पडत नाही, रक्तात साचतं. आणखी दोन दिवस काढले असतेत तर मूत्रपिंडं हातची गेली असती."

"मग गोळीच सोडतो."

"म्हणजे परत बांगड्या वाटायला मोकळे," रकिया म्हणाली. "गोळीही सोडायची नाही आणि पाणीही सोडायचं नाही. रोजाच्या बदल्यात रोज एका गरिबाला जेवू घालू. माझ्या हातचं खाऊन त्याचं भलंच होईल."

घरी आल्यावर तिने सुचवलं, "पोरांना सांगा, पोट बिघडलं होतं."

सीदींच्या मनात आलं, एका खोटेपणापायी इथवर आलो. आता दुसऱ्या खोट्याची सोय कशाला करायची?

पुढच्या आठवड्यात ते खोलीत आले, बसले आणि म्हणाले, "पोरांनो, माझा रोजा नाही. कधीच नसतो. हनान, तुला खोटं सांगितलं. लाज वाटली मला."

मग सीदींनी विचारलं, "रोजा सोडताना आपण पितो ती हरीरा चुलीवर फार वेळ आटली तर काय होतं?"

"खारट होते," एकजण म्हणाला.

"मीठ कुणी जास्त घातलं?"

"कुणीच नाही. पाणी गेलं."

"मी एक औषध घेतो. ते माझं डोकं शांत ठेवतं. पण मी पाणी प्यालो नाही, की माझी हरीरा होते."

पोरं खो-खो हसली. हनान मात्र विचारात पडली होती. "आमची आजी पण गोळ्या खाते. ती म्हणते रोजा आहे, आणि कपाटामागे बसून बिस्किटं खाते."

"तिला म्हणावं, समोर बसून खा. आजारी माणसाला अल्लाहने सूट दिली आहे, लपून राहायला नाही सांगितलं."

"मग तुम्हीही समोर प्या."

रमजानातल्या भर दुपारी, सगळ्या वर्गासमोर, सी तुहामींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. घशाखाली उतरणारं पाणी त्यांना कधी नव्हे इतकं गार लागलं.

"अजून आहे तळाशी," हनान म्हणाली.

सीदींनी तळाचंही संपवलं, मिशी पुसली आणि पुढच्या पाटीसाठी हात पुढे केला.