रंभाच्या पेशी

रेडिएशनचे शेक पुरे झाले तेव्हा रंभाच्या गालातली गाठ बसली होती. घरच्यांना वाटलं, सुटलो. पण पावसाळा सरता सरता ती पुन्हा वर आली, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जोरात.

रंभा धरमतर खाडीकाठची. नवरा तरुणपणीच गेला. तिने मिठागरात टोपल्या वाहून दोन मुलं वाढवली. थोरला आदेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला लागला आणि रोह्यात खोली घेऊन राहिला. धाकटी अपेक्षा शिकत शिकत नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पोचली, तीही काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्याच पेशींवर काम करायला. आईची मशेरी सोडवायला तिने जिवाचं रान केलं होतं. रंभा हसून म्हणायची, "तुझा कॅन्सर तिकडं बशीत ठेव गो."

अपेक्षाचं काम एका प्रथिनावर होतं. किरण लागले की पेशीच्या आतले धागे तुटतात आणि पेशी मरते. पण काही गाठींतल्या पेशी हे प्रथिन भरमसाट बनवतात. ते तुटलेले धागे सांधून टाकतं. अशा पेशी मरत तर नाहीतच, वर भराभर वाढतात.

गाठ परत आल्यावर डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासणीला काढला. त्यातला थोडा संशोधनाला द्यायला रंभाने आपणहून होकार दिला. अपेक्षाच्या गाइड निशिगंधा मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग चढतो. अपेक्षाने डोळा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं गडद तपकिरी होतं.

"या पेशींचं काम मी दुसऱ्या कोणाला देते," मॅडम म्हणाल्या.

"नको मॅडम. मीच करते."

रविवारी ती घरी गेली. आदेशही रोह्याहून आला होता. रंभा ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. जीभ जड झाली होती, तरी तिनेच विषय काढला.

"काय निघालं गो?"

अपेक्षाने काही लपवलं नाही. धागे कसे तुटतात, कोण सांधतं, सगळं सांगितलं. रंभाने मन लावून ऐकलं.

"म्हंजे आपला बांध फुटला की मानसं धावून चिखल मारतात, तसं?"

"व्हय आये. तुझ्या गाठीत ती माणसं लय हायेत."

"मंग त्यांना पयली हाकला."

"बशीत हाकलता येतात. माणसाच्या अंगात अजून नाय जमत."

"कवा जमंल?"

"वर्षं लागतील."

आदेश ताडकन उठला. "एवढी शिकलीस, नि आयेला सांगायला हेच आनलंस?" तो अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला.

रंभाने लेकीचा हात धरला. "त्याचं मनावर घेऊ नको. मला आता दवाखान्यात नेऊ नका. मी हितंच बरी."

दिवाळीनंतर तिची वाचा गेली. अपेक्षा रजा घेऊन घरी राहिली. नाकातल्या नळीतून पेजेचं पाणी घालायची, तोंड पुसायची. आदेश शिफ्ट संपली की मोटारसायकलवरून यायचा आणि आईचे पाय दाबत बसायचा. थंडी पडायला लागली आणि एके दिवशी दुपारी, दोघंही जवळ असताना, रंभा गेली.

दिवसकार्य आटोपून अपेक्षा संस्थेत परतली. आईच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी उबदार कपाटात जिवंत होत्या. सहकाऱ्यांनी त्या नीट सांभाळल्या होत्या. बशीत मावेनाशा झाल्या होत्या. आईला सरणावर ठेवून आलेली अपेक्षा त्यांच्याकडे बघत राहिली. ज्यांनी आईला खाल्लं त्यांनाच आता हाताने खाऊ घालायचं होतं. तिने हातमोजे चढवले आणि त्यांचं जुनं पोषक द्रावण बदललं.

अर्ध्या बश्यांमधलं प्रथिन तिने दाबून टाकलं, अर्ध्या तशाच ठेवल्या. सगळ्यांना सारखेच किरण दिले. दोनेक आठवड्यांनी पाहिलं तर तशाच ठेवलेल्या बश्यांत पेशींचे पुंजके दाटले होते. दुसऱ्या बश्या जवळजवळ रिकाम्या होत्या. सगळ्यांना हवा होता तोच निकाल. मॅडमनी पाठीवर हात ठेवला तशी अपेक्षा बाहेर गेली आणि जिन्यात बसून पोटभर रडली.

मग ती रोह्याला आदेशकडे गेली. तो शिफ्टला निघायच्या तयारीत होता.

"आयेच्या त्या पेशी मेल्या?" त्याने विचारलं.

"व्हय. थोड्या राह्यल्या, बाकी मेल्या."

"आये होती तवा का नाय केलंस?"

"तवा कोणालाच येत नव्हतं, दादा. आजही माणसात येत नाय."

त्याने मान हलवली. डबा उचलला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. "त्या दिवशी मी बोललो ते..."

"मला ठाऊक हाय. जा, कंपनीची बस चुकंल."

संध्याकाळच्या गाडीने ती परत निघाली. कासू मागे पडलं, घरी जायला उतरायचं ते पेण आलं. बरीच माणसं उतरली. अपेक्षा जागेवरच बसून राहिली. घराला कुलूप होतं.